दुसरा क्रॉस

इंग्लंडातल्या गावोगावी सहा-सातशे वर्षांपूर्वीचे दगडी क्रॉस आहेत. बरेचसे मोडके. कुठे नुसता चौथरा, कुठे खुंट. सरकारी यादीत नाव असेल तर रस्ता रुंद करणाऱ्यालाही त्यांना बोट लावता येत नाही. ती यादी कॉम्प्युटरवर चढवायचं काम २००६ साली आमच्या अमेरिकेतल्या प्रिन्स्टन जंक्शनच्या ऑफिसात आलं. टेस्टिंग माझ्याकडे.

त्याचा प्रोग्राम माझा मॅनेजर रवींद्र याने लिहिला होता. पुण्याचा, हुशार माणूस. एका गावाचे दोन क्रॉस दिसले की प्रोग्राम दुसऱ्याला डुप्लिकेट समजून यादीतून उडवायचा. असे तीनशे बारा उडाले. मी जुनी कागदपत्रं उघडली. एक क्रॉस चर्चच्या आवारात, दुसरा गावाबाहेर तिठ्यावर. डुप्लिकेट एकही नव्हता.

रवींद्रला हे सुचणारच नव्हतं. माझ्या गावात मसणवटेसुद्धा दोन, एक सवर्णांचा आणि एक आमच्या वस्तीचा. त्यांचा नकाशावर होता, आमचा नव्हता. म्हणून रस्ता आमच्यावरून गेला. माझ्या आजोबांवरून आता ट्रॅक्टर जातात.

मी रवींद्रच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. डिलिव्हरी शुक्रवारी होती. त्याने उठून दार लावलं.

"ईश्वर, तुझं व्हिसाचं सहावं, शेवटचं वर्ष. ग्रीन कार्डसाठीच्या कंपनीच्या लेटरवर सोमवारी सही व्हायचीय. आणि आत्ता बग काढतोस?"

"बग तू घातलास. मी दाखवला."

"माझी फाइल पण त्याच टेबलावर आहे, यार."

ते खोटं नव्हतं. नोकरी गेली की देश सोडायचा, बायको सुजाता आणि मुलगी उपासना यांच्यासकट. उपासना इथे दुसरीत आहे. सुजाताला सांगितलं तर तिने भाजी चिरता चिरता विचारलं, "परक्यांच्या दगडांपायी आपलं घर मोडायचं का?" मी चिडलो.

शुक्रवारी मी फॉर्मवर 'फेल' लिहिलं. रवींद्र ओरडला नाही. नवा फॉर्म काढून त्यावर 'पास' लिहिलं आणि टेस्टरच्या जागी त्याने स्वतःची सही ठोकली.

सोमवारी माझ्या लेटरवर सही झाली. कशाबद्दल, ते आम्हा दोघांनाही कळत होतं. कार्ड हातात यायला अजून पाच-सहा वर्षं. तोवर तोंड बंद.

इंग्लंडच्या त्या खात्याचा पत्ता माझ्याकडे आहे. तीनशे बारा नावं जोडून मेल लिहून ठेवलाय. रोज उघडतो, एखादं वाक्य दुरुस्त करतो, बंद करतो. ह्याला भीती म्हणतात. दुसरं नाव मला येत नाही.