उलटा पाव

वेशीच्या कमानीखाली गिअर अडकला, तेव्हा मिरेयने क्लच दोनदा दाबून पाहिला. तिसऱ्यांदा गाडीच बंद पडली. मागच्या व्हॅनवाल्याने भोंगा वाजवला.

"ढकलू का, बाई, की इथेच संसार मांडताय?"

त्याच्याच मदतीने गाडी तटाला लागून असलेल्या गॅरेजपर्यंत गेली. तिथला मेकॅनिक शटर खाली ओढत होता.

"बारा वाजले. आता दोननंतर."

"आम्हांला चारला पोहोचायचंय हो."

"पोहोचाल की. उपाशीपोटी इंजिन उघडलं तर आधी तुमच्यावर चिडेन, मग गाडीवर. जा, जेवून घ्या."

चारला कुठे पोहोचायचे, हे शेजारी बसलेल्या तिच्या आईला, लेओंतीनला, ठाऊक नव्हते. हिवाळा सरेपर्यंत लेकीकडे राहायचे, एवढेच तिला सांगितले होते. वृद्धाश्रमातली खोली मात्र केव्हाच ठरली होती. खरे काय ते सांगायचे म्हणून मिरेय अनेकदा आईकडे गेली होती, आणि दर वेळी लाल भोपळ्याचे सूप पिऊन परतली होती.

खाणावळ चौकातल्या दगडी कमानींच्या आत होती. मालकीणबाईंनी पाव आणून टेबलावर ठेवला तो पालथा. लेओंतीनने तो तत्काळ सरळ केला.

"जल्लादाचा पाव आम्हांला कशाला? आम्ही काय कुणाचं मुंडकं उडवायला निघालोय?"

"चुकले, आजी! माझ्या आजीने तर डावाने बदडलं असतं मला," मालकीणबाई हसल्या. "जल्लादासाठी राखलेला पाव तेवढा उलटा ठेवायचा, म्हणजे त्याला दुसरं कुणी शिवत नाही, असं ती सांगायची."

"घरात पाव उलटा पडला की मी हातातलं काम टाकून धावते. विचारा हिला."

मिरेय कसेनुसे हसली. भिंतींतून गारठा झिरपत होता. लेओंतीनने खांदे आवळले.

"गाडीतल्या पेटीतला माझा राखाडी स्वेटर आण बघू."

"माझा कोट घे ना, आई."

"तुझ्या कोटात माझा एक हात तरी मावेल का? आण म्हटलं ना."

मिरेय उठली. आश्रमाच्या नियमाप्रमाणे पेटीतल्या प्रत्येक कपड्याला तिने आतून आईच्या नावाची पट्टी शिवली होती, आईच्या नकळत. गाडीपाशी उभी राहून तिने स्वेटरची पट्टी उसवू पाहिली. नख मोडले, पट्टी सुटली नाही. अखेर गळा आत दुमडून ती परतली आणि स्वेटर स्वतःच आईच्या अंगात घालू लागली.

"राहू दे. एवढी काही मी थकलेली नाही."

लेओंतीनने तो मांडीवर पसरला. गळ्याची दुमड उलगडताना तिचा अंगठा पट्टीवर थांबला. मग एकेका अक्षरावरून सावकाश पुढे सरकला.

"तुला वसतिगृहात पाठवलं तेव्हा मीही अशाच पट्ट्या शिवल्या होत्या," ती म्हणाली. "पायमोजेसुद्धा सोडले नव्हते. तू शेजारी बसून रडत होतीस, आणि मला सुई ओवून देत होतीस."

"आई, मी आज सांगणारच होते. तिथे पोहोचण्याआधी—"

"टाके फार लांब पडलेत. पहिल्याच धुण्यात सुटेल हे."

तिने स्वेटर चढवला आणि गळ्यापर्यंत बटणे लावली. मालकीणबाई वाफाळत्या रश्श्याच्या ताटल्या ठेवून गेल्या. हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून मिरेयने पाव मोडला आणि उरलेला टेबलावर ठेवला. तो पालथा पडला.

तो तिला दिसला. आईलाही दिसला. लहानपणापासून ओळखीचा असलेला तो हात आता पुढे येईल, म्हणून मिरेय थांबून राहिली. लेओंतीनचे दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत होते, तिथेच राहिले.

"खा," ती म्हणाली. "निवतंय."