पत्नी : पान सात

पुस्तकाच्या शेवटी विषयसूची असते, ती कुणीतरी बसून तयार करतं, हे बहुतेकांच्या गावीही नसतं. मी आयुष्यभर तेच काम केलं. एकट्यानं, खाली मान घालून करायचं काम, मला मानवलं.

यकृताच्या डॉक्टरांनी फाईल हातात देऊन "सगळं लिहिलंय त्यात" म्हटलं, तेव्हा मी मान डोलावली आणि बाहेर आलो. हिपॅटायटिस सी झालाय एवढं कळलं होतं. बहुधा जुन्या ऑपरेशनच्या वेळी चढवलेल्या रक्तातून. बाकी फाईलभर नुसती अक्षरं होती. एलएफटी, आयएनआर, पीसीआर, डीएए, एसव्हीआर. विचारायला हवं होतं, पण डॉक्टर पुढच्या पेशंटकडे बघायला लागले होते, आणि मला कुणाचा खोळंबा करवत नाही.

घरी येऊन मी मला येतं तेच केलं. फाईलला पान क्रमांक घातले आणि सूची करायला बसलो. वाचनालयातला वैद्यकीय कोश उपसला. एलएफटी म्हणजे यकृत कसं चाललंय ते सांगणाऱ्या चाचण्या. फायब्रोस्कॅन म्हणजे यकृत किती निबर झालंय ते मोजणारी तपासणी. पीसीआरवरून रक्तात विषाणू आत्ता आहे का ते कळतं. डीएए म्हणजे थेट विषाणूवर काम करणाऱ्या गोळ्या. एसव्हीआर बारा म्हणजे गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनीही रक्तात विषाणू न सापडणं. थोडक्यात, बरं होणं. माणूस बरा झाला, हे सरळ लिहायला या लोकांची काय हरकत असते कोण जाणे.

मधेच मेहुणा येऊन गेला. त्यानं सूची लांबूनच पाहिली आणि सल्ला दिला, "भाऊजी, चारचौघांत एचसी एवढंच म्हणा. नाव घेऊ नका." म्हणजे घरातही एक लघुरूप तयार झालं. एरवी दोनदा चहा घेतल्याशिवाय न उठणारा हा गृहस्थ त्या दिवशी पाणीसुद्धा नको म्हणाला.

खरी अडचण सातव्या पानाची होती. तिथं तळाशी डॉक्टरांनी लिहिलं होतं : पत्नीची अँटी-एचसीव्ही करावी. म्हणजे हिलाही लागण झालीय का ते रक्तातून तपासावं. हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी बायकोला फारसं काही दिलं नाही. हे दिलं असलं तर? मी गप्प बसलो. उद्या सांगू, म्हणत अकरा दिवस गेले.

पण सूचीतून नोंद गाळणं मला जमत नाही. एका संस्थाचालकाच्या आत्मचरित्राच्या सूचीतून त्याची दुसरी बायको मी गाळली नाही, म्हणून माझं काम गेलं होतं. तेव्हा 'अँटी-एचसीव्ही'खाली बारीक अक्षरात मी लिहिलं : 'पत्नीची, पान ७'. आणि शिस्त म्हणून 'प'मध्येही : 'पत्नी, पाहा अँटी-एचसीव्ही'. इतकं कोण वाचतंय, असं वाटलं.

लेखक मंडळी सूचीत आधी स्वतःला शोधतात. हिला ते कुणी शिकवलं नव्हतं, तरी सूची हाती लागताच ती थेट 'प'वर गेली.

"अहो, ही पत्नी म्हणजे मीच ना?"

मी हो म्हणालो. तिनं फाईल ओढून सातवं पान वाचलं. हे कधीपासून ठाऊक आहे, असं विचारलं. मी अकरा दिवस म्हणालो. मग तिनं सूची पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"फायब्रोस्कॅनला सहा ओळी दिल्यात," ती शेवटी म्हणाली. "मला अर्धी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही लॅबमध्ये गेलो. बाकावर दहाबारा माणसं होती. काउंटरवरच्या मुलीनं कोणती तपासणी म्हणून विचारलं. मी वाकून तिच्या कानाशी कुजबुजलो. तिला ऐकू आलं नाही. मग बायको खणखणीत आवाजात म्हणाली, "ह्यांना हिपॅटायटिस सी झालाय. मला झालाय का ते बघायचंय."

बाकावरच्या बाईंनी पर्स मांडीवर घेतली आणि सरकल्या. "बाई, शेजारी बसून होत नाही हा," बायको त्यांना म्हणाली. "रक्तातून होतो. पण सरकलात ते बरं झालं, ह्यांना जागा झाली." मी बसलो आणि चपलांकडे पाहत राहिलो.

संध्याकाळी रिपोर्ट मिळाला. त्यावर होतं : नॉन-रिअॅक्टिव्ह. मी अर्थ सांगायला तोंड उघडलं, तोवर ती काउंटरवर पोचली होती.

"म्हणजे नाही ना?"

"नाही," मुलगी म्हणाली.

बाहेर पायऱ्यांवर मी म्हणालो, "मला वाटलं, माझ्यामुळे तुला..." पुढं येईना.

"पुरं करा," ती म्हणाली. "मी थांबलेय."

लोक वरखाली करत होते. मी पुरं केलं. धड जमलं नाही, दोनदा अडखळलो, आणि भीती हा शब्द मला तीनदा वापरावा लागला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग फाईल माझ्या हातातून घेऊन स्वतःच्या काखेत मारली.

"उद्या डॉक्टरांकडे मी येणार," ती म्हणाली. "गोळ्या कधी सुरू करायच्या, ते मी विचारणार. तुम्ही फक्त रक्त द्यायला हात पुढं करा."