देवीची रेंज आणि बोकडाची कातडी

बोकडाच्या कुशीवरची कातडी थरारली आणि शेडभर माणसांनी एकदम हात जोडले. कल्याण-शीळ रस्त्यालगतची ही पत्र्याची शेड आधी मार्बलचं गोदाम होती, आता ती हरिहरनाथ महाराजांचं कौलपीठ झाली होती. नौपाड्याचे पेन्शनर, वर्तकनगरच्या बायका, आसपासच्या गावांतली केणे-भोईर मंडळी, सगळी मांडीला मांडी लावून बसलेली.

बोकडाला कौल लावायची चाल इकडे जुनीच. देवापुढे उभा करायचा, पाठीवर पाणी घालायचं, त्याने अंग झाडलं की देव हो म्हणाला. गार पाणी पडल्यावर कुठलंही जनावर अंग झाडतं, पण एवढा विचार करायला वेळ कोणाला? नाथांनी मात्र त्यात सुधारणा केली होती. त्यांचा बोकड पाण्याला सरावलेला. सजवलेल्या मखरात तो गुमान उभा राही, आणि नाथांच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तरच त्याची कातडी थरारे.

“देवी फ्रिक्वेन्सीवर येते, माउली,” नाथ डोळे मिटून सांगत. “तुमचा मोबाइल टॉवर पकडतो, तसा हा मुका जीव देवीला पकडतो. म्हणून इथे मोबाइल नको, घड्याळ नको, मंगळसूत्रसुद्धा बाहेर टोपलीत ठेवा. धातू आला की रेंज जाते.”

कलावती केणेच्या मनात आलं, ही कसली जगदंबा, जिची रेंज एका वाटीमण्याने जाते? पण ती गप्प बसली. कारण शेजारी तानाजी बसला होता, तिचा नवरा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत जन्मभर फिटर म्हणून राबलेला, आडदांड, आणि आता लहान मुलासारखा घाबरलेला. कलावतीच्या छातीत गाठ निघाली होती. तपासणीत ती वाईट ठरली, ऑपरेशनची तारीखही मिळाली. पण तानाजीची बहीण अशीच ऑपरेशनला गेली होती ती परत आली नव्हती. तेव्हापासून त्याला चाकू म्हटलं की धडकी भरे.

“हिची गाठ चाकूशिवाय विरेल का, आई?” नाथांनी विचारलं.

बोकड थरारला. तानाजी हमसून रडला, आणि बाहेर येऊन टोपलीतला मोबाइल हातात पडताच त्याने हॉस्पिटलला फोन लावून तारीख रद्द करून टाकली. कलावतीला विचारलंही नाही.

तिच्यासोबत तिच्या बहिणीची मुलगी आली होती, समीक्षा. ठाण्यात जनावरांची डॉक्टर. दर्शनाच्या रांगेत तिने बोकडाला भक्तिभावाने कुरवाळलं होतं, निदान बघणाऱ्यांना तसं वाटलं होतं. तानाजी पुढच्या रिक्षाने गेल्यावर मागच्या रिक्षात ती तणतणली.

“मावशी, त्या बोकडाच्या दोन्ही कुशी तव्यासारख्या गरम होत्या. समोरासमोर, तळव्याएवढ्या जागेत. कान गार, पाय गार. ताप असता तर सगळं अंग तापलं असतं ना?”

“मग काय होतं ते?”

“माझा खांदा आखडलेला आठवतो? नौपाड्यात शेक घ्यायला जायचे. दोन पट्ट्या दोन बाजूंना धरतात, अंगाला लावत नाहीत, मधल्या मधे खांदा गरम होतो. उच्च वारंवारतेच्या रेडिओ लहरी असतात त्या. त्या मखराच्या दोन फळ्यांमागे तेच मशीन आहे, मी पैज लावते.”

“मग शॉक नाही बसत?”

“नाही. ती वीज इतक्या वेगाने उलटसुलट होते की नसांना झटका कळायच्या आत तिची दिशा बदललेली असते. पण कातडीत खारट पाणी असतं. त्यातले कण तिच्यामागे सारखे पुढेमागे ओढले जातात, एकमेकांवर घासतात, आणि त्यातून ऊब येते. जास्त सोडली की चटका. वरून बोकड ओला केलेला, म्हणजे ओल्या केसांत चटका आणखी लागणार. तो बिचारा कातडी झाडणार नाही तर काय आरती म्हणेल? आणि धातूची बंदी का? अंगावर मंगळसूत्र घेऊन कोणी त्या फळ्यांजवळ गेलं आणि भाजलं, तर देवीचं नाव कसं सांगणार?”

 कलावती म्हणाली, “माझ्या गाठीला ती ऊब चालेल?”

“मुळीच नाही. असली गाठ असेल तिथे तो शेक देतच नाहीत. मावशी, तुला ऑपरेशनच हवंय, आणि लवकर हवंय.”

“मग तुझ्या काकांना नुसतं सांगून पटायचं नाही. दाखवावं लागेल.”

पुढच्या रविवारी तानाजी आणि समीक्षासोबत कलावती ओटी घेऊन शेडमध्ये हजर. ताटात तांदूळ, नारळ, हळदकुंकू, आणि घडी घातलेल्या खणाच्या पोटात घरातला एक जुना सीएफएल बल्ब. तो लपवताना तिला हसू येत होतं.

नाथ कोणा बाईच्या मुलाच्या नोकरीचं विचारत होते. कलावती सरळ उठून मखरापाशी गेली. नाथांनी खूश होऊन तिला जागा करून दिली. “या माउली, गाठ विरतेय ना? आई, सांग हिला.”

पडद्याआडून संदेश नावाचा चेला पायाने कळ दाबत असे. त्याने ती दाबली. बोकड थरारला, आणि त्याच क्षणी कलावतीने खणातून बल्ब काढून बोकडाच्या कुशीशी धरला. ना वायर, ना होल्डर. बल्ब तिच्या मुठीत पांढराशुभ्र पेटला.

 मागून एक म्हातारा ओरडला, “चमत्कार! बाईच्या अंगात देवी आली.”

“कोणी आली नाही, मीच आहे,” कलावती म्हणाली. “बसा खाली.”

कळ सुटली तसा बल्ब विझला आणि बोकडही शांत झाला. नाथ उठू लागले. “बाई, देवीचा कोप होईल.”

“व्हायचा तो कोप माझ्या छातीत आधीच झालाय. आता मी कोणाला भिऊ?” असं म्हणून तिने मखराच्या फळीवरचं जरीचं कापड हिसकलं. मागे धातूची पट्टी, पट्टीची वायर पडद्याआड. समीक्षाने पडदा ओढला. पेटीएवढं मशीन घरघरत होतं आणि शेजारी संदेश पाय वर उचलून बसला होता, जणू तो पाय त्याचा नव्हताच.

समीक्षाने सगळ्यांना सांगितलं, अगदी रिक्षात सांगितलं तसं. लहरी हवेत होत्या, त्यांनी बल्बमधला वायू चेतवला. त्याच लहरींनी बोकडाची कातडी भाजली. यात दैवी काही नाही आणि सैतानी पण नाही, हे दवाखान्यातलं यंत्र आहे. मशीन बंद केलं, मग कलावतीने स्वतः बोकडाला विचारलं, “काय रे, विरेल का गाठ?” बोकड तिच्या ताटातले तांदूळ खात राहिला.

पुढच्या रांगेतली माणसं नाथांच्या अंगावर धावली. कलावती आडवी आली. “हात लावू नका, पोलीस येतायत, समीक्षाने आधीच कळवलंय. याला मारून तुम्ही शहाणे होणार नाही. मला आधी एक सांगा. याच्या कौलावर कोणी कोणी औषध बंद केलंय? हात वर करा.”

 आधी वर्तकनगरच्या एका बाईने भीत भीत हात वर केला. शुगरची गोळी. मग एका म्हाताऱ्याने, रक्तदाबाची. मग इकडून, तिकडून. बघता बघता अर्धी शेड हात वर करून बसली होती. कलावतीला रडू आलं. राग पण आला, आणि तिने तो लपवला नाही.

“देव माना, माझी ना नाही. मी पण नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या पाया पडायला जाते. पण दुखणं डॉक्टरला विचारायचं, आणि जे कोणी चमत्कार म्हणून दाखवेल, त्याचं कापड आधी वर करून बघायचं. जो बघू देत नाही, तो लबाड. एवढं साधं आहे. उद्या नाही, आज घरी जाऊन गोळ्या सुरू करा.”

तानाजीने हात वर केला नव्हता. त्याने कलावतीपाशी येऊन ‘तारीख परत घेऊ ना?’ एवढंच विचारलं, आणि ती हो म्हणताच दाराशी जाऊन टोपलीत वाकून तो आपला मोबाइल शोधू लागला. फोनवरचं त्याचं बोलणं शेडमधल्या प्रत्येकाला ऐकू गेलं.

“हॅलो, कलावती केणे, ऑपरेशनची तारीख हवी होती. हो, मीच रद्द केलेली. तेव्हा बोकडाला विचारून केलेली, मॅडम. आता पेशंटला विचारलंय.”