टिप्याच्या गळ्यातला पट्टा

मला पाहून मुलं लांब सरकतात, मित्रांनो, आणि बरोबरच आहे. माझ्या अंगावर एकवीस खिळे आहेत, टोकं बाहेर काढलेले. कुत्र्याच्या गळ्यातला जुना चामडी पट्टा मी. देवळाली प्रवरेच्या बाजारात एका म्हाताऱ्यानं बैलाच्या घुंगरमाळेच्या चामड्यातून मला कापलं आणि खिळे ठोकताना पुटपुटला, "बिबट्या आधी नरडं धरतो. त्याच्या तोंडात हे बसाया पायजे."

मला पुंजारामांनी विकत घेतलं. त्यांच्या वस्तीला तिन्ही बाजूंनी ऊस, चौथीकडे रस्ता. कुत्र्याचं नाव टिप्या. पुंजारामांच्या मंडळींनी, म्हणजे सुरेखाताईंनी, त्याला शेळीच्या दुधावर वाढवलेलं. माझी निगाही त्याच राखत. पावसाळ्यात मी चिंब झालो की टिप्याची मान लाल व्हायची. मग मला काढून चुलीजवळ वाळवायचं, मानेवरच्या गोचिडी वेचायच्या, करंजाचं तेल चोळायचं. उन्हाळ्यात एक भोक सैल, दोन बोटं आत जातील इतकं. पण वाळलो रे वाळलो की पुन्हा गळ्यात!

गेल्या वर्षी भाद्रपदात, दिवस मावळताना, ते जनावर उसातून आलंच. त्यानं टिप्याचं नरडं धरलं आणि माझे खिळे त्याच्या टाळूत घुसले. टिप्या वाचला. माझा एक खिळा वाकला, तो अजून तसाच आहे. त्या दसऱ्याला पुंजारामांनी कोयत्या-फावड्याशेजारी मला ठेवून हळदकुंकू वाहिलं. काय सांगू, मी केवढा फुगलो होतो!

पुढे पौषात तोडणी आली. आठ दिवसांत सगळा फड रिकामा. जाताना ऊसतोड्या हनुमंत म्हणाला, "मालक, त्याचं घर मोडलंय. आता ते वस्तीकडंच सरकंल."

पुंजाराम हसले. "ऊस गेला, त्याच्यासंगं बिबट्याबी गेला. मोकळ्या रानात कुठं लपतोय?" आणि त्यांनी मला काढून गोठ्याच्या मेढीला, खांबालाच, टांगलं. आमच्याकडे सगळ्याच वस्त्यांवर असं करतात. ऊस गेला की पट्टे उतरतात, नवा ऊस वाढला की पुन्हा चढतात.

तिथून मी सगळं बघत होतो. तिसऱ्या दिवशी मनी मांजर आढ्यावर चढली, ती दुधालासुद्धा खाली येईना. टिप्यानं भाकरी सोडली. शेपूट पोटाशी घालून तो ट्रॉलीखाली बसे, आणि भुंकणं पार बंद.

"थंडीनं गारठलंय," म्हणत सुरेखाताईंनी त्याच्या अंगाखाली पोतं घातलं.

"गारठलंय कसलं, आळशी झालंय! राखणीचं कुत्रं अन् ट्रॉलीखाली?" पुंजारामांनी त्याला ओढत नेलं आणि रानाच्या कडेच्या लिंबाला दोरीनं बांधलं. अहो, ते भिऊन गप्प झालं होतं! पण पट्ट्याला कुठलं तोंड?

संध्याकाळच्या धारांची वेळ होती. "अवं, पट्टा तरी घालते त्याला," म्हणत सुरेखाताईंनी माझ्यावर हात ठेवला. तेवढ्यात रस्त्यावर दुधाच्या गाडीचा हॉर्न वाजला.

"आधी कॅन दे. गाडी थांबायची न्हाई," पुंजाराम म्हणाले.

हात निघाला.

टिप्या एकदाच ओरडला, तेही अर्धंच. सुरेखाताई कॅन टाकून धावल्या. लिंबाला दोरीचा तुकडा तेवढा लोंबत होता. त्या तिथंच मातीत बसल्या. "म्या हात लावला हुता वं पट्ट्याला," एवढंच म्हणत राहिल्या. पुंजारामांना मान वर करवेना.

आता मी एका काळ्या पिल्लाच्या गळ्यात आहे. मला चुलीजवळ वाळवायचं असलं की सुरेखाताई तेवढा वेळ पिल्लाला घरात घेतात, दाराला कडी घालतात. पण मनी कालपासून पुन्हा आढ्यावर बसली आहे. शेजारच्या काकासाहेबांचा ऊस काल गेला. त्यांच्या कुत्र्याचा पट्टा मला इथून दिसतो, भिंतीवरच्या खुंटीला टांगलेला.

आज सकाळपासून ते कुत्रं भुंकलेलं नाही. मित्रांनो, मला तोंड नाही, तुम्हाला आहे. धारांच्या वेळेआधी जा आणि काकासाहेबांना सांगा.