कापलेली तिसरी पिन

१९५७ साल. पिंपरीच्या एका कारखान्यातले रसायनतज्ज्ञ लक्ष्मणराव यांनी मायदेशी परतणाऱ्या साहेबाकडून कपडे धुण्याचं यंत्र घेतलं. त्याच्या प्लगला पिना तीन, न्हाणीघरातल्या दिव्याच्या सॉकेटला भोकं दोन. लक्ष्मणरावांनी तिसरी पिन करवतीने कापली. यंत्र फिरू लागलं. कॉलनीतल्या शेजारणी कौतुकाने बघून गेल्या.

पण ओला हात यंत्राच्या लोखंडी पिंपाला लागला की मुंग्या येत. लक्ष्मणरावांच्या पत्नी इंदुताई आठवडाभरात इतक्या घाबरल्या, की ते काम त्यांनी पिंपरी गावातून येणाऱ्या छबूबाईंकडे दिलं. पायात लाकडी खडावा घाला, एवढं सांगितलं.

छबूबाई हसल्या. "मुंग्याच हायेत न्हवं? चावत्यात थोड्याच!"

तरी यंत्र गुरगुरू लागलं की इंदुताईंचे कान तिकडेच असत. स्वयंपाकघरातून त्या सारखी हाक मारत. छबूबाईंची ओ आली की श्वास सोडत.

एका सकाळी ओ आली नाही.

छबूबाईंची एक खडाव निसटली होती. पाय ओल्या फरशीवर, पंजा पिंपाच्या कडेला घट्ट आवळलेला. डोळे उघडे, तोंडातून आवाज नाही. इंदुताईंचा हात पुढे गेला आणि थबकला. ओढायला गेलो तर आपणही चिकटू! त्या व्हरांड्यात धावल्या आणि मेन स्विच खाली ओढला. आत धप्पकन आवाज झाला. तिथूनच त्यांनी शेजारणींना हाका मारल्या.

छबूबाई वाचल्या. तळवा भाजला.

तपासणीला वायरमन दत्तोबा आले. फ्यूज उडाला नव्हता, म्हणजे दोष किरकोळ असावा, असं लक्ष्मणरावांचं म्हणणं.

"साहेब, माणूस मरतो तेवढ्या विजेनं फ्यूज उडत नाही," दत्तोबा म्हणाले. "ही पिन असती आणि तिला जमिनीत पुरलेली तार जोडलेली असती, तर वीज जमिनीत गेली असती, फ्यूजही उडाला असता. तुम्ही तिची वाट कापली, तिनं बाईंच्या अंगातून काढली." मग ते वळले. "वहिनी, मुंग्या येतात हे ठाऊक होतं?"

"होतं," इंदुताई म्हणाल्या. "म्हणूनच मी हात लावत नव्हते."

यंत्रासाठी स्वतंत्र जाड तार ओढली, तीन पिनांचा नवा प्लग आणि सॉकेट बसवलं, अंगणात खड्डा खणून वीज जमिनीत उतरवणारं अर्थिंग केलं. तोवर कपडे इंदुताईंनी हाताने धुतले. मग त्या छबूबाईंच्या घरी गेल्या आणि माझी भीती मी तुमच्यावर ढकलली, असं त्यांच्या सुनेसमोर कबूल केलं.

"आता तुमी शिवता का त्याला?" छबूबाईंनी विचारलं.

"रोज पहिला हात माझा."

भगिनींनो, घरात यंत्रं जरूर आणा. पण जिथे हात लावायला आपलं मन धजत नाही, तिथे दुसऱ्याचा हात ठेवू नका. हात बदलल्याने धोका टळत नाही. फक्त मरणारा बदलतो.