झरा म्हणून पूजलेली माझी गळती

मित्रांनो, पृथ्वीवर जिथे जिथे थोर राज्यं उभी राहिली, तिथे तिथे आधी माझ्या कुळातलं कोणीतरी पाणी अडवून उभं होतं. आम्ही नसतो तर भात नसता, भात नसता तर जेवणावळी नसत्या, आणि जेवणावळी नसत्या तर लढाया करायला कोणी घराबाहेर पडलंच नसतं. अशा या थोर कुळातला मी एक जुना मातीचा बांध आहे. सध्या माझ्या माथ्यावर एक बकरी उभी आहे आणि ती लेंड्या टाकते आहे.

रायपूरजवळ, उरला नावाच्या औद्योगिक वस्तीतल्या कारखान्यांपलीकडे, एका नाल्यावर मी आडवा पडलो आहे. मी सरकारी नाही, खासगी आहे. सरकारी धरणाला निदान चौकीदार असतो. तो झोपला तरी धरणाजवळ झोपतो. माझे मालक गंगाधरराव शहरात, चौबे कॉलोनीत राहतात आणि रविवारी डबा घेऊन मला भेटायला येतात. भेटतात म्हणजे माझ्यावर बसून जेवतात.

मला घातलं त्यांच्या वडिलांनी, श्रीपादरावांनी. मातीचा एक थर टाकायचा, पाणी शिंपडायचं, धुम्मसाने ठोकून काढायचा, मगच दुसरा थर. पोटात काळी चिकणमाती, वरून तांबडा मुरूम, पाण्याच्या अंगाला दगडांचं अस्तर. आणि एका टोकाला सांडवा, म्हणजे जास्तीचं पाणी निघून जायची वाट. जेवणाऱ्याला ‘पुरे’ म्हणता आलं पाहिजे, तसं तळ्यालाही म्हणता आलं पाहिजे. श्रीपादराव दर पावसाळ्याआधी येत, माझ्या अंगावरची झुडपं उपटत, उंदरांची बिळं माती ठोकून बुजवत आणि सांडव्यात उभे राहून वाट मोकळी आहे ना ते पाहत. लोक म्हणत, म्हाताऱ्याला नाद आहे. पण त्या वर्षांत माझ्या पाण्यावर खालची सगळी धानाची शेतं हिरवी असायची, आणि तेच लोक पाहुण्यांना मला दाखवायला आणायचे. पुढे श्रीपादराव गेले. नाद त्यांच्याबरोबर गेला, उंदीर राहिले.

माझ्या पायथ्याशी भीमाबाईंचं घर आहे. त्यांचे यजमान शामराव रोलिंग मिलमध्ये होते. निवृत्त झाले आणि खुबा मोडून खाटेला लागले. मी फुटलो तर पाणी पहिल्यांदा त्यांच्या दारात जाईल. शामरावांना पळता येणार नाही, आणि शामराव पळणार नाहीत म्हणून भीमाबाईही पळणार नाहीत. ते घर माझ्यासमोर रोज उठतं, रोज भांडतं, रोज जेवतं. त्यामुळे हे मला पक्कं ठाऊक आहे.

गंगाधररावांनी तळ्यात रोहू आणि कतला सोडले. स्वतः शुद्ध शाकाहारी. पण मासे मोठे होताना बघायला त्यांना फार आवडतं. पहिल्याच पावसाळ्यात काही मासे सांडव्यातून निघून गेले. मालकांच्या मनाला ते लागलं. त्यांनी सांडव्याला बांबूची जाळी लावली. जाळीत पालापाचोळा अडकू लागला, तेव्हा त्यांनी जाळी काढली आणि तिथे विटांची भिंत घातली.

“घराला दार असतं न,” ते म्हणाले, “मग माशांनी काय पाप केलं?”

आता माझ्यापुढे प्रश्न असा, की जास्तीचं पाणी जाणार कुठून? बांधाला बोलता येत नाही. त्याला फक्त ओलं होता येतं. म्हणून मी पायथ्याशी, उंदरांच्या जुन्या बिळाच्या वाटेने, जरासा ओला झालो. माझ्या मते हा अत्यंत स्पष्ट अर्ज होता.

गंगाधररावांची नात निवेदिता आधी धावत आली. “आजोबा, देखिए ना, यहाँ से पानी निकल रहा है! नैचुरल स्प्रिंग है!”

तिची आजी गोदावरीबाई. त्यांनी तिथेच हात जोडले. “अहो, गंगा आली आपल्या दारी.”

पुढच्या रविवारी माझ्या गळतीला हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, वर सिमेंटची छोटी कमान आली. झऱ्याला शिस्त असावी म्हणून मालकांनी त्यात पाइप खुपसला आणि नळ बसवला. निवेदिताने रील काढली. मित्रांनो, एखाद्याला ठसठसणारी जखम व्हावी, आणि घरच्यांनी तिला तोटी लावून पाहुण्यांना तीर्थ वाटावं, तशी माझी स्थिती झाली.

भीमाबाईंनाही झरा आवडला. हातपंपापर्यंतची पायपीट वाचली. “देव तुमचा तुमाले ठेवा,” त्या गोदावरीबाईंना म्हणाल्या, “पाणी आमचं.”

मग पाऊस लागला आणि उघडेना. एका सकाळी नळाचं पाणी तांबडं आलं. इथे मात्र मी खरोखर घाबरलो. स्वच्छ पाणी झिरपतं तोवर बांधाला वेळ असतो. पाणी गढूळ यायला लागलं की समजावं, बांध आतून निघाला. त्या पाण्यातली माती म्हणजे मीच होतो. मी हातघाईवर आलो. माथ्याला एक लांब भेग पाडली. कोणी पाहिली नाही. मग मध्ये थोडा खचलो. रविवारी मालक छत्री घेऊन आले, खचलेल्या जागी बसले आणि म्हणाले, “वा, इथे छान खोलगट झालं आहे. पाठ टेकते.”

तेवढ्यात भीमाबाई वर आल्या.

“गंगाधरभाऊ, तुमच्या देवाचं पाणी काहून लाल येऊन राहिलं? चहा ठेवला, तर दूध टाकायच्या आधीच दुधाचा दिसून राहिला!”

“भीमाबाई, पावसाळ्यात सगळंच पाणी गढूळ असतं. नळाला कपडा बांधा.”

“बांधला. कपड्यात माती साचून राहिली, हे एवढी!”

“ती तुळशीला घाला हो,” गोदावरीबाई म्हणाल्या. “पवित्र आहे.”

“मले तुळस नाही, बाई. मले चहा आहे.”

बघा त्या मातीकडे, मी आतल्या आत ओरडत होतो, कोणीतरी विचारा ती कुठून आली! पण मालकांनी डबा उघडला आणि भीमाबाई वळल्या. जाता जाता म्हणाल्या, “हव, हव. तुमाले मासे दिसतात. माणसं दिसत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी पाणी माझ्या माथ्याशी आलं. मातीच्या बांधावरून एकदा पाणी ओसंडलं की बांध उरत नाही. वाऱ्याने लाट आली की ती माझ्या भेगेत डोकावून जाई. खाली शामरावांचा खोकला ऐकू येत होता. मला मोजता येत नाही. पण फार वेळ नव्हता एवढं कळत होतं. खाली बघायचं नाही असं ठरवलं, तर मला तोंडच त्या बाजूला.

आणि दुपारी भीमाबाई सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन वर आल्या. थेट सांडव्याकडे. मला भरून आलं. शेवटी कोणाला तरी कळलं! पण त्या स्वतःशी बडबडत होत्या: “जाऊ दे त्याचे मासे. रविवारी येऊन तो पाहीन रिकामं तळं, मंग समजन त्याले!”

पहिली वीट त्यांनी काढली. बाकीच्या पाण्याने काढल्या. सांडवा मोकळा झाला आणि पाणी घराला वळसा घालून, श्रीपादरावांनी आखलेल्या वाटेने, नाल्यात धावलं. त्यात रोहू उड्या मारत निघाले.

घरातून शामराव ओरडले, “काय आवाज येऊन राहिला वं?”

“काही नाही! मासे चालले!”

“मंग एखादा पकडून आण न!”

त्या संध्याकाळी अख्ख्या पाऱ्यात, म्हणजे वस्तीत, मासळी शिजली. पाणी सांडव्याच्या पातळीपर्यंत उतरलं आणि मी थकून पडून राहिलो.

रविवारी गंगाधरराव सांडव्यापाशी उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. “भीमाबाई, मी तुमचं काय बिघडवलं होतं?”

“चहा,” भीमाबाई म्हणाल्या.

आपण कोणाचं घर वाचवलं हे त्यांना माहीत नाही. मालकांनाही नाही. मालकांनी भिंत पुन्हा घालायला घेतली आहे, आणि या वेळी सिमेंटमध्ये. पोती ताडपत्रीखाली रचून ठेवली आहेत. गवंडी परवा येतो म्हणाला. गवंड्याचा परवा लवकर उजाडत नाही, आणि सध्या माझा जीव त्या आळसावर टिकून आहे. पाणी उतरल्यामुळे नळ पुन्हा स्वच्छ वाहतो. भीमाबाईंचं भांडण मिटलं. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते; आता भिंत फोडायला कोण येणार? तिकडे भनपुरीच्या बाजूला आभाळ पुन्हा काळं झालं आहे.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत कोणाचं शेत असेल, शेतावर तळं असेल, तर त्याच्या बांधावरून एकदा चालून या. सांडवा मोकळा ठेवा. बिळं बुजवा. झाडं वाढू देऊ नका. पायथ्याशी पाणी दिसलं तर हात जोडण्याआधी त्याचा रंग बघा, आणि या कामातल्या जाणकाराला बोलवा. खाली कोणाचं घर आहे, त्यात कोणाला पळता येत नाही, हे विचारून ठेवा. आणि गवंड्याच्या आधी कोणीतरी माझ्या मालकांपर्यंत पोहोचा. हात जोडून सांगितलं असतं, पण मला हात नाहीत.

आणि इकडे येणारच असाल, तर माझी पाठ जरा खाजवून जा. मधोमध. कालपासून मुंग्या लागल्या आहेत.