मी मोजलेला अप्पांचा कर

मी निर्णयवृक्ष बोलतोय. नावावर जाऊ नका. ना पान, ना फूल, ना कुणाला सावली. मी संगणकातला, नुसत्या प्रश्नांचा. वय किती? पगार की पेन्शन? उत्तर मिळालं की माणसाला एका फांदीवर धाडायचं, तिथे पुढचा प्रश्न. शेवटच्या टोकाला त्याचा आयकर. तिथवर पोचलं की सगळेच तोंड वाकडं करतात. त्यात माझा काय दोष?

माझा जन्म रायापूरला, सावनीच्या घरी. ऑफिस हुबळीत, पण ती घरूनच काम करायची. चौकट ओढायची, प्रश्न लिहायचा, फाटे जोडायचे. शेजारी आरामखुर्चीत तिचे वडील, अप्पा. रिटायर्ड मास्तर.

मी तयार झालो की मला पारखायला खोटी माणसं लागतात. यांच्या ऑफिसची खोड अशी, की खोटी माणसं सुचत नाहीत म्हणून सगळे घरच्यांनाच आत घालतात. राघवेंद्र साहेबांनी तर बायकोला चार घरांची मालकीण करून ठेवलं होतं!

"अप्पा, तुम्हाला घालू?"

"घाल की. पण त्याला सांग, मास्तरची पेन्शन आहे, जरा जपून."

जन्मतारखेसकट अप्पा माझ्यात आले. तेव्हा एकोणऐंशीचे. ऐंशीला सवलत वाढते हे कळल्यापासून मला चिडवायचे, "ऐंशी होऊ दे लेका, मग बघतो तुला!" मला लेका म्हणणारं तेवढं एकच माणूस.

दिवाळीच्या तोंडावर अप्पा गेले. झोपेतच. पण मला कोण सांगणार? नियम बदलला की ही खोटी माणसं, म्हणजे सगळे नमुने, पुन्हा चालवतात, आणि अप्पा आपले हजर! वर्ष उलटलं तसं मी त्यांना ऐंशीच्या फांदीवर नेऊन बसवलं. मोठ्या खुशीत होतो हो. सावनी पडद्याकडे बघत राहिली. तिने तो नमुना काढून टाकायला हवा होता. काढला नाही. उलट काम नसतानाही चालवू लागली. माझ्याकडे अप्पा धडधाकट होते, पेन्शन घेत होते.

मग एके सकाळी राघवेंद्रांचा फोन आला.

"सावनी, मयत माणसाचा कर वारसाने भरायचा असतो, तो फाटाच नाही बघ आपल्यात. सगळ्यात वर 'हयात आहेत का?' घाल. पारखायला कुणी मयत..." ते अडखळले. "अय्यो, चुकलो गं. मी करतो ते."

"नको सर. आहे माझ्याकडे."

तिने प्रश्न घातला, अप्पांना बोलावलं. मी विचारलं, हयात आहेत का? तिने 'होय' केलं. पुसलं. पुन्हा 'होय' केलं. मला दोनच उत्तरं कळतात, काय करू? शेवटी तिने 'नाही' दाबलं.

मी विचारलं, वारसाचं नाव? सावनी. नातं? मुलगी.

अप्पांना नेलं त्या दिवशी सगळ्यांना सावरत फिरणारी ती पोर, आत्ता कुठे हंबरडा फोडून रडली. माझ्या प्रश्नाने रडली. झाडाला काळीज नसतं म्हणतात. मग मला इतकं का लागलं?

आता कितीतरी घरांना मी तोच प्रश्न सगळ्यात आधी विचारतो. कुणाचं बोट 'नाही'पाशी थबकतं. रागावू नका माझ्यावर. बसा तसेच, हवा तेवढा वेळ बसा. मला घाई नाही.